रेट्रोत ठरलेलं पुढच्या रेट्रोपर्यंत टिकावं म्हणून

दर दोन आठवड्यांनी रेट्रो होते, म्हणजे सॉफ्टवेअर टीमची झालेल्या कामाकडे मागे वळून पाहायची बैठक. बोर्डावर रंगीत चिठ्ठ्या लागतात. ‘कम्युनिकेशन वाढवायला हवं’, ‘टेस्टिंग लवकर सुरू करू’, ‘रिक्वायरमेंट क्लिअर नव्हत्या’ अशी वाक्यं लिहिली जातात, कुणीतरी बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि सगळे चहाला जातात. पुढच्या वेळी तीच वाक्यं परत येतात, फक्त चिठ्ठ्यांचा रंग बदललेला असतो. सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कॅम्पसमध्ये बसणारी टीम असो की विजयनगरमधल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातली, इंदुरात ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की तिला आता कुणी तक्रारही म्हणत नाही.

अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. तिचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी लिहिला. त्यासोबतच्या १२ तत्त्वांपैकी शेवटचं तत्त्व असं की टीमने ठरावीक काळाने थांबून आपलं काम आणखी चांगलं कसं होईल याचा विचार करावा आणि मग त्याप्रमाणे वागणुकीत बदल करावा. विचाराचा भाग बहुतेक टीम करतात. बदलाचा भाग बारगळतो. आणि बदलाने काही फरक पडला का, हे परत येऊन पाहणारी टीम तर क्वचितच दिसते. माझ्या मते टीम शिकते ती या परत येऊन पाहण्यात. म्हणून खालची सगळी पद्धत त्या एका गोष्टीभोवती बांधली आहे: एका वेळी एकच बदल, तोही प्रयोग म्हणून, आणि त्याच्या तपासणीची तारीख आधीच ठरलेली.

उदाहरणासाठी एक नमुना टीम धरू. सात जण आहेत: चार डेव्हलपर, एक टेस्टर, एक लीड, एक प्रॉडक्टचं पाहणारी. सियागंजमधल्या किराण्याच्या ठोक व्यापाऱ्यांसाठी ते बिलं आणि जीएसटीचं सॉफ्टवेअर बनवतात. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायची मुदत असते, त्यामुळे ९, १० आणि ११ तारखेला सगळे व्यापारी आणि त्यांचे सीए एकदम लॉगिन करतात. टीमचं दुखणं नेमकं तेव्हाच उफाळतं.

पहिली पायरी : मत मांडण्याआधी नोंद

रेट्रोत लोक आठवणीवरून बोलतात, आणि आठवणीत शेवटचे दोन दिवसच ठळक असतात. म्हणून काहीही बदलायच्या आधी दोन आठवडे नुसती नोंद करा. त्यासाठी नवं टूल विकत घ्यायची गरज नाही. जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) असेल तर तारखा आपोआप मिळतात, नसेल तर एक साधी शीट पुरते.

प्रत्येक कार्डासाठी, म्हणजे बोर्डावरच्या एकेका कामासाठी, तीन तारखा हव्यात: काम हातात घेतलं कधी, रिव्ह्यूला (दुसऱ्याने कोड तपासायला) गेलं कधी, ग्राहकापर्यंत पोचलं कधी. त्याशिवाय दोन मोजण्या ठेवा. रिलीजनंतर ग्राहकाकडे सापडलेले बग किती, आणि ठरलेलं काम बाजूला ठेवून मधेच करावी लागलेली कामं किती. पहिल्या महिन्यात याहून जास्त काही गोळा करू नका, कारण मग नोंद करणंच एक काम होऊन बसतं.

या तीन तारखांमधून जे दिसतं ते बहुतेक टीमना चकित करतं. समजा एक कार्ड नऊ दिवसांत पूर्ण झालं. तारखा पाहिल्या तर त्यात प्रत्यक्ष काम दोन दिवसांचं, आणि बाकीचे सात दिवस ते कुणाची तरी वाट पाहत पडलेलं. विचारून पाहिलं तर त्यातले चार दिवस कोड रिव्ह्यूची वाट, तीन दिवस टेस्ट सर्व्हर मोकळा होण्याची. अशा टीमने ‘कोडिंगचा वेग वाढवू’ असं ठरवलं तर दोन दिवसांचे फार तर दीड दिवस होतील. सात दिवसांना हातच लागणार नाही.

इथे एक जुनं गणित कामी येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला: हातात असलेली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. टीमच्या बोर्डावर १२ कार्डं ‘चालू’ असतील आणि आठवड्याला ४ पूर्ण होत असतील, तर कुठलंही नवं कार्ड सरासरी ३ आठवडे घेणार. माणसं वाढवली नाहीत आणि पूर्ण होण्याचा वेग तोच राहिला, तरी ‘चालू’ कार्डं ६ वर आणली की सरासरी दीड आठवड्यावर येते. सातजणांच्या टीममध्ये एकेकाच्या नावावर दोन-दोन, तीन-तीन कार्डं उघडी असणं फार सर्रास आहे. रेट्रोत कुणी ‘आपण स्लो आहोत’ म्हटलं की आधी हा भागाकार करून पाहा.

दुसरी पायरी : बैठक

स्क्रम ही अजाइलचीच एक ठरलेली चौकट. तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेत एक महिन्याच्या स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक फेरीला) रेट्रोसाठी जास्तीत जास्त ३ तास दिले आहेत. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला सव्वा तास पुरतो. शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नका. त्या वेळी अर्धं लक्ष घड्याळात आणि उरलेलं छप्पन दुकानला खायला कोण कोण येणार यात असतं. गुरुवारी जेवणानंतर थोड्या वेळाने ठेवली की माणसं बोलतात.

सुरुवात नेहमी मागच्या प्रयोगापासून करा: काय ठरलं होतं, आकडे काय सांगतात, ठेवायचं की सोडायचं. पहिली दहा मिनिटं याचीच. टीमला कळायला हवं की इथे ठरलेल्या गोष्टीचा जाब इथेच घेतला जातो. त्यानंतर नोंदीची शीट पडद्यावर लावा आणि कुणीही मत न देता दोन मिनिटं सगळ्यांना नुसती पाहू द्या.

मग सात-आठ मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. ही शांतता अवघडल्यासारखी वाटते, तरी ती मोडू नका. आपल्याकडे सर बोलले की चर्चा संपते. लीडने ‘मला वाटतं प्रॉब्लेम एन्व्हायर्नमेंटचा आहे’ असं पहिल्याच मिनिटाला म्हटलं, तर सहा महिन्यांपूर्वी कॅम्पसमधून आलेली मुलगी ‘मला रिव्ह्यूच्या कॉमेंट समजत नाहीत’ हे कधीच बोलणार नाही. लिहून झालं की सगळ्यात नव्या माणसापासून वाचायला सुरुवात करा. लीड सर्वांत शेवटी.

चिठ्ठीवर इंग्रजीत लिहायचा आग्रह धरू नका. आपल्या टीममध्ये दोन मराठी, तीन मालव्यातले, एखादा केरळचा असतो. दिवसभर बोलणं हिंदीत चालतं, आणि रेट्रोच्या बोर्डावर मात्र सगळे ऑफिसच्या ईमेलमधलं इंग्रजी काढतात. त्यातून ‘रिक्वायरमेंट क्लिअर नव्हत्या’ यापलीकडे काही येत नाही. तोच माणूस कॅन्टीनमध्ये सांगतो, ‘क्लायंट रात्री दहाच्या कॉलवर बदल सांगतो, कॉलवर दोघंच असतात, आणि सकाळी स्टँडअपमध्ये सगळ्यांना माहीत असल्यासारखं बोललं जातं.’ (स्टँडअप म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक.) या वाक्यात वेळ आहे, माणसं आहेत, घटना आहे, आणि उपायाची अर्धी दिशाही आहे. असं वाक्य ज्या भाषेत येतं त्या भाषेत येऊ द्या. लिपी कुठलीही चालेल.

मॅनेजरने बसावं का, यावर बरेच वाद होतात. जो अप्रेझल लिहितो त्याच्यासमोर माणूस चूक कबूल करत नाही, मार्च-एप्रिलमध्ये तर नाहीच. त्यामुळे त्याने शेवटच्या पंधरा मिनिटांत यावं आणि एकच प्रश्न विचारावा: ‘माझ्याकडून तुम्हाला काय हवंय?’ काही कंपन्यांत हे जमत नाही. मग निदान पहिल्या फेरीत तरी त्याने चिठ्ठी लिहू नये.

हा फक्त सौजन्याचा मुद्दा नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना उलटंच चित्र दिसलं. जिथे नर्सप्रमुख चांगली आणि टीम एकजुटीची, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की अशा ठिकाणी चुकांबद्दल मोकळेपणाने बोललं जातं, म्हणून त्या नोंदीत येतात. तेव्हा तुमच्या टीमच्या रेट्रोत कधीच कुणाची चूक निघत नसेल, तर खूश होण्याआधी थोडं थांबा.

तिसरी पायरी : कारण खणणं

इथे घाई सर्वांत महाग पडते, म्हणून एक प्रसंग पूर्णच पाहू.

आपल्या नमुना टीमने १० तारखेला संध्याकाळी रिलीज केलं. ११ ला सकाळी व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले: विक्रीच्या रिपोर्टचं पान फिरत राहतं, उघडत नाही. दुपारी जुनी आवृत्ती परत लावली. पाच जणांचा सगळा दिवस त्यात गेला.

टोयोटाच्या ताइइची ओनो यांची ‘पाच वेळा का’ विचारण्याची पद्धत सगळ्यांना ऐकून माहीत असते. तीच वापरू. पान का अडकलं? क्वेरीला, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायला, मिनिटभर लागत होतं. का? नवा फिल्टर ज्या कॉलमवर लावला, त्याला इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नव्हता. टेस्टिंगमध्ये का कळलं नाही? टेस्टच्या डेटाबेसमध्ये शे-दोनशे बिलं आहेत, मोठ्या ठोक व्यापाऱ्याकडे हजारो. टेस्टला इतकीच का? पहिल्या वर्षी कुणीतरी हाताने भरली होती, नंतर कुणी वाढवली नाहीत. का वाढवली नाहीत? कारण ते कुणाचंच काम नव्हतं.

इंडेक्स टाकून बरेच जण दुसऱ्या ‘का’वरच थांबतात. दुरुस्ती होते, पण पुढच्या महिन्यात दुसरं पान अडकतं. ख्रिस अर्जिरिस यांनी १९७० च्या दशकात संस्थांच्या शिकण्याबद्दल जो फरक मांडला, तो हाच. एक शिकणं चूक दुरुस्त करतं. दुसरं, ती चूक ज्या पद्धतीतून निघाली त्या पद्धतीलाच प्रश्न विचारतं. पाचव्या ‘का’पर्यंत गेल्यावर दुसऱ्या प्रकाराला सुरुवात होते.

पण या पद्धतीला मर्यादाही आहेत. ती एकाच साखळीने खाली जाते, आणि खऱ्या घटनेला बहुधा तीन-चार मुळं असतात. त्यामुळे पहिल्या ‘का’शी परत येऊन दुसऱ्या फांद्याही पाहा. रिलीज १० तारखेलाच का? कारण स्प्रिंट त्या दिवशी संपत होता. टीमचं कॅलेंडर स्प्रिंटवर चालतं, व्यापाऱ्यांचं रिटर्नच्या तारखेवर, आणि दोन्ही एकमेकांसमोर कधी ठेवलीच नव्हती. फोन सकाळी नऊ वाजता आले तर डेव्हलपरना अकरा वाजता का कळलं? कारण सपोर्टचा ग्रुप वेगळा आहे आणि त्यात टीममधलं कुणी नाही. म्हणजे एका सकाळीतून तीन कारणं निघाली, आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे.

दुसरी मर्यादा जास्त धोक्याची आहे. पाच ‘का’ विचारता विचारता टीम एखाद्या माणसापाशी येऊन थांबते. ‘इंडेक्स का टाकला नाहीस?’ या प्रश्नाला ‘सॉरी सर’ याशिवाय उत्तर नसतं. त्याऐवजी त्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होतं ते विचारा. संवाद साधारण असा व्हायला हवा (मर्ज म्हणजे आपला कोड मुख्य कोडमध्ये मिळवणं, पाइपलाइन हिरवी म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्ट पास):

‘तू मर्ज केलंस तेव्हा तुझ्यासमोर काय काय होतं?’

‘सर, पाइपलाइन हिरवी होती. टेस्टवर पान लगेच उघडलं. रिव्ह्यूमध्ये एकच कॉमेंट होती, व्हेरिएबलच्या नावाची.’

‘मग शंका यावी असं काही होतं का?’

‘नाही. पण खरं सांगू का, मोठ्या पार्टीकडे किती बिलं असतात हेच मला माहीत नव्हतं.’

शेवटचं वाक्य म्हणजे त्या दिवसाची खरी कमाई. दोष शोधत बसलात तर ते कधीच बाहेर येत नाही. एट्सी या ऑनलाइन बाजाराच्या कंपनीत असताना जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये दोष न देता घटनेची चौकशी कशी करायची यावर लिहिलं, तेव्हापासून ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये बरीच पसरली. नॉर्मन कर्थ यांनी २००१ मध्येच रेट्रोसाठी एक मूळ धारणा मांडली होती: त्या वेळची माहिती, कौशल्य आणि परिस्थिती पाहता प्रत्येकाने आपल्या परीने चांगलंच काम केलं, असं धरून चालायचं. काही टीम हे वाक्य छापून भिंतीवर लावतात. लावा हवं तर, पण वरच्यासारखा प्रश्न विचारायची सवय असली तर भिंतीची गरज पडत नाही.

चौथी पायरी : एकच प्रयोग, एका कार्डावर

तीन कारणं सापडली की तिन्ही सोडवायचा मोह होतो. तो आवरा. डॉक्टरने एकाच वेळी पाच औषधं बदलली तर रोग्याला बरं वाटलं तरी ते कशामुळे, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय सातजणांच्या टीमला रोजचं काम सांभाळून दोन आठवड्यांत एकच सवय बदलता येते, तीही खेचून.

कुठलं निवडायचं? ‘८ ते १२ तारखेला रिलीज नाही’ हा नियम फुकट आहे आणि आजच लागू होतो. तो जरूर लावा, पण ती मलमपट्टी आहे. सावकाश चालणारं पान १३ तारखेला बाहेर जाईल, एवढाच फरक. टेस्ट डेटाचं कारण जास्त खोल आहे आणि महिन्याभरात तपासताही येतं. म्हणून प्रयोग त्याचा. कार्ड असं लिहा:

अडचण: रिपोर्ट टेस्टमध्ये पटकन उघडतात, मोठ्या ग्राहकाकडे अडकतात.
अंदाज: टेस्टमध्ये मोठ्या व्यापाऱ्याएवढी बिलं असली, तर संथ पानं रिलीजआधीच सापडतील.
बदल: ५०,००० बनावट बिलं तयार करणारी स्क्रिप्ट, दर रात्री टेस्ट सर्व्हरवर चालणार.
मोजमाप: ३ सेकंदांपेक्षा जास्त घेणारी पानं, किती रिलीजआधी सापडली आणि किती नंतर.
तपासणी: पुढची नाही, त्यापुढची रेट्रो.
सांभाळणार: टेस्टर.

‘अंदाज’ ही ओळ सगळे गाळतात, आणि नेमकी तीच सोडायची नाही. अंदाज लिहिलेला नसला तर नंतर कुठलाही निकाल यशासारखा दिसतो. ‘सांभाळणार’ म्हणजे सगळं काम त्यानेच करायचं असं नाही. तपासणीच्या दिवशी आकडे घेऊन येणं ही त्याची जबाबदारी. तिथे ‘टीम’ असं लिहिलंत तर कुणीच आणणार नाही.

एक सावधगिरी: डेटा मोठा हवा म्हणून खऱ्या व्यापाऱ्याचा डेटाबेस टेस्टवर उतरवू नका. त्यात ग्राहकांची नावं, फोन, जीएसटी क्रमांक असतात. बनावट बिलं तयार करायला एखादा दिवस जास्त लागेल, पण तो दिवस वाया जात नाही.

आता हे कार्ड ठेवायचं कुठे? रेट्रोच्या फोटोत नाही, पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर, इतर कामांच्या रांगेत, त्याला लागणारा वेळ धरून. स्क्रमच्या मार्गदर्शिकेने २०१७ मध्ये सांगितलं होतं की निदान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या यादीत असलीच पाहिजे. २०२० च्या आवृत्तीत ही सक्ती गेली, ‘टाकता येईल’ एवढंच राहिलं. मला जुना नियमच बरा वाटतो. ज्याला वेळ धरलेला नाही ते काम रात्री नऊनंतर होतं, किंवा होतच नाही.

‘कम्युनिकेशन वाढवायला हवं’ अशी चिठ्ठी आली तर तिचंही असंच कार्ड करायचा प्रयत्न करा. रात्रीच्या कॉलची अडचण असेल तर बदल असा असू शकतो: कॉलवर असलेल्या दोघांपैकी एकाने त्याच रात्री तीन ओळी ग्रुपवर टाकायच्या, काय बदललं, कुठल्या कार्डावर, का. मोजमाप: स्टँडअपमध्ये ‘हे मला माहीत नव्हतं’ असं किती वेळा म्हटलं गेलं. टेस्टरने कागदावर रेघा ओढल्या तरी पुरे.

पाचवी पायरी : परत येऊन पाहणं

ठरवा, करा, तपासा, त्याप्रमाणे बदला हे चक्र गुणवत्तेवर काम करणाऱ्या शूहार्ट आणि डेमिंग यांच्यापासून चालत आलं आहे. डेमिंग यांनी पुढे तिसऱ्या टप्प्याला नुसती तपासणी न म्हणता अभ्यास म्हणायला सुरुवात केली, कारण अपेक्षेशी ताडून पाहणं आणि नुसतं ‘झालं’ म्हणून टिक करणं यात त्यांना फरक दिसत होता.

समजा चार आठवड्यांनी टेस्टर आकडे घेऊन आली. दोन संथ पानं रिलीजआधी सापडली, एक नंतर सापडलं. नंतरचं पान डेटामुळे नव्हे, पीडीएफ बनवताना अडकत होतं. शिवाय एक न ठरवलेली गोष्ट घडली: रात्रीच्या टेस्ट सकाळी नऊपर्यंत चालू राहू लागल्या आणि डेव्हलपर वैतागले. आता काय करायचं? अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाला, म्हणून ठेवा. पण मोठा डेटा फक्त शनिवारी रात्री, आणि रोज त्याचा दहावा हिस्सा. म्हणजे बदल थोडा वळवून पुढे न्यायचा.

तीनच निकाल असतात: ठेवा, वळवा, सोडा. ‘सोडा’ म्हणताना लोकांना लाज वाटते, विशेषतः ज्याची कल्पना असते त्याला. इथे लीडने सर्वांत आधी स्वतःच्या कल्पनेवर ‘सोडा’ म्हणून दाखवलेलं बरं. फसलेला प्रयोग महिनोन्महिने नियम म्हणून चालत राहणं हे त्या लाजेपेक्षा फार महाग आहे.

जे ठेवायचं ठरतं, ते एका पानावर लिहा. एकच पान. ते भरलं की नवा नियम घ्यायला जुना काढावा लागतो, आणि तो वाद ऐकण्यासारखा असतो. ‘रिव्ह्यू २४ तासांत’ हा नियम कुणी पाळत नाही हे बहुधा तेव्हाच उघड होतं.

एकट्याला माहीत असलेलं

टीमचं शिकणं आणि एकेका माणसाचं शिकणं यांची गल्लत होते. रेट्रोने पद्धत सुधारते, पण टॅक्सचं मॉड्यूल एकाच माणसाला कळत असेल तर पद्धत कितीही चांगली असो, तो पुण्याला किंवा बंगळुरूला गेला की टीम जमिनीवर. इंदूरच्या टीमना हे नवं नाही. दोन-तीन वर्षं झाली की मुलं बाहेर पडतात, आणि नोटीस पीरियडमधलं हँडओव्हर म्हणजे कंटाळलेल्या माणसाने कंटाळलेल्या माणसाला दाखवलेल्या फायली.

एक तक्ता करा. आडव्या ओळीत सातही जणांची नावं, उभ्या ओळीत सिस्टिमचे भाग: बिलिंग, टॅक्स, रिपोर्ट, पैसे भरणं, डिप्लॉय, सपोर्टची टूल्स. प्रत्येकाने स्वतःच खूण करायची: रात्री एकटा सांभाळू शकतो, कुणाच्या मदतीने करू शकतो, माहीत नाही. हा तक्ता अप्रेझलला वापरणार नाही हे स्पष्ट सांगा, आणि खरंच वापरू नका. ज्या ओळीत ‘एकटा सांभाळू शकतो’ची एकच खूण आहे, तिथलं पुढचं कार्ड ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याने घ्यायचं आणि जाणकाराने शेजारी बसायचं. कीबोर्ड नवख्याच्या हातात. काम दीडपट वेळ घेईल, ते धरूनच स्प्रिंट ठरवा.

कोड रिव्ह्यूही शिकण्याचीच जागा आहे, पण तिथे ‘हे बदल’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘हे बदल, कारण महिन्याच्या ११ तारखेला इथे एकदम पाचशे लोक येतात’ एवढी अर्धी ओळ जास्त लिहिली की पुढच्या वेळी तीच कॉमेंट लिहावी लागत नाही.

आकड्यांबद्दल थोडं

व्हेलॉसिटीने, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटनी, दोन टीमची तुलना करू नका. पॉइंट (कार्ड किती मोठं याचा अंदाज) टीम स्वतःच ठरवते, त्यामुळे वरून ‘वाढवा’ म्हटलं की पुढच्या स्प्रिंटपासून तीनचं कार्ड पाचचं होतं आणि आलेख सुंदर दिसू लागतो. वरच्यांना आकडा हवाच असेल तर चार द्या: रिलीज किती वेळा होतात, बदल कमिट झाल्यापासून (कोडमध्ये नोंदवल्यापासून) ग्राहकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, किती रिलीज बिघडतात, बिघडल्यावर सावरायला किती वेळ लागतो. डोरा नावाच्या संशोधन गटाने लोकप्रिय केलेले हे चार आकडे एकमेकांना धरून ठेवतात. एक खेचून वाढवला तर दुसऱ्यात लगेच दिसतं.

क्लायंट वेळ देत नाही, मग?

सर्व्हिसच्या कंपन्यांत हा प्रश्न हमखास येतो: प्रयोगाचे दोन दिवस बिल कसे करायचे? मागताना ‘प्रोसेस इम्प्रूव्हमेंट’ म्हणू नका, तो शब्द ऐकला की क्लायंटला खर्च दिसतो. नुकसानाचा हिशोब दाखवा: ‘या महिन्याच्या ११ तारखेला पाच जणांचा एक दिवस गेला आणि व्यापाऱ्यांना रिटर्न भरता आलं नाही. ही स्क्रिप्ट एका माणसाच्या दोन दिवसांत होते.’ पहिल्या पायरीची नोंद असेल तरच हे वाक्य म्हणता येतं.

तरीही नाहीच म्हणाले, तर वेळ न लागणाऱ्या प्रयोगांपासून सुरुवात करा. माणशी एकच कार्ड उघडं ठेवायचं. सकाळी साडेदहा ते साडेअकरा सगळ्यांनी फक्त रिव्ह्यू करायचे. स्टँडअपमध्ये माणसांच्या क्रमाने न बोलता बोर्डाच्या उजव्या टोकापासून, म्हणजे पूर्ण व्हायला आलेल्या कार्डापासून बोलायचं. तिन्हींना एक रुपयाही लागत नाही आणि दोन आठवड्यांत तारखांच्या शीटमध्ये काय झालं ते दिसतं. तिन्ही एकदम सुरू करू नका, एवढंच. आधी रिव्ह्यूचा तास घ्या, कारण नऊ दिवसांतले चार दिवस तिथेच गेले होते.